होळीच्या बाजारात बत्तीस बोअर

वसई गावातली होळी म्हणजे सण नव्हे, बाजार. बाहेरून आलेल्याला हे एकदा सांगावं लागतं, कारण इथली माणसं भर श्रावणातसुद्धा ‘जरा होळीला जाऊन येतो’ म्हणून निघतात आणि हातात पिचकारी नाही, पिशवी असते. या बाजारातल्या एका जुन्या सराफी पेढीवर मी अधूनमधून टेकतो. दुपारी दोन-अडीचला गिऱ्हाईक नसतं, पंखा करकरत असतो आणि पेढीवरच्या काकांना बोलायला कोणीतरी हवं असतं. असेच बसलो असताना ते एकदा म्हणाले, “तू लिहिणारा माणूस, तुला चौकशी जमते. कमरेला लावता येईल, कुणाला दिसणार नाही आणि खिशाला परवडेल असं पिस्तूल कुठलं रे घ्यावं?”

विचारण्याचा सूर विहिरीवर पंप कुठला बसवावा असा होता. पण कारणं खोटी नव्हती. २०२१ साली नालासोपाऱ्यात एका सराफाचा त्याच्या दुकानातच खून झाला, त्यानंतर आमच्या भागातल्या प्रत्येक पेढीवर हा विषय निघालेला आहे. काकांना आठवड्यातून एक-दोनदा झवेरी बाजार गाठावा लागतो आणि तेही लोकलने. त्यात भाचा टेक्ससला. तिथे २०२१ पासून परवान्याशिवायही पिस्तूल बाळगून हिंडता येतं. तो सुट्टीत आला की कंपन्यांची नावं, नळीची लांबी, किती डॉलरला काय पडतं हे सांगतो आणि काका ऐकत राहतात. टोरोंटोच्या चुलतभावाची गोष्ट ते सोयीने विसरतात. कॅनडाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पिस्तुलांची खरेदी-विक्रीच गोठवली आणि ब्रिटनने १९९७ मध्येच ती सामान्य माणसाच्या हातून काढून घेतली.

चौकशी करतो म्हणालो आणि केली. पहिलाच धक्का असा की कुठलं घ्यावं हा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ उरतच नाही. तो कायद्याने सोडवून ठेवला आहे.

भाचा ज्याचं कौतुक करतो ते नऊ एमएमचं पिस्तूल भारतात सामान्य माणसाला मिळत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे नियम (आधी १९६२चे, आता २०१६चे) बोअरचे दोन भाग पाडतात: निषिद्ध आणि अनिषिद्ध. नऊ एमएम, .३८०, .४५५ ही लष्कर-पोलिसांच्या वापरातली मापं निषिद्ध. संजय दत्तला जी शिक्षा भोगावी लागली ती बेकायदा शस्त्र बाळगण्याची होती, आणि त्या शस्त्रांत एके-५६च्या जोडीला नऊ एमएमचं पिस्तूल होतं. हातात धरायच्या शस्त्रांत सामान्य माणसासाठी व्यवहारात उरतात ती दोन मापं, बत्तीस आणि बावीस. परवानाधारकांच्या बोलण्यात कंपनीचं नाव क्वचित येतं. ‘माझ्याकडे बत्तीस आहे’ एवढ्यावर काम भागतं.

या बत्तीसच्या पोटातही एक खोच आहे आणि नवख्याची फसगत तिथेच होते. रिव्हॉल्वरची बत्तीस आणि पिस्तुलाची बत्तीस या वेगळ्या गोळ्या आहेत. रिव्हॉल्वरचं काडतूस लांब, बुडाशी कड असलेलं. पिस्तुलाचं आखूड, कारण त्याला मॅगझीनमध्ये एकावर एक बसायचं असतं. रिव्हॉल्वरची काडतुसं आपल्याच पुण्याजवळ, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होत आली आहेत. हा कारखाना १८६९चा. काडतुसाचं बूड उन्हात तिरकं धरलं की पितळेवर ‘के एफ’ ही दोन अक्षरं उमटलेली दिसतात, म्हणजे किरकी फॅक्टरी. साहेबाने खडकीचं किरकी केलं, ते स्थानकांच्या पाट्यांवरून पुसलं गेलं, पण काडतुसाच्या बुडावर टिकलं.

बत्तीसच्या ताकदीबद्दल भ्रम नकोत. नऊ एमएमच्या गोळीत जितकी ऊर्जा असते, तिचा साधारण तिसरा हिस्सा बत्तीसमध्ये. बावीसमध्ये त्याहून कमी. म्हणून ती निरुपद्रवी, असं मात्र कोणी समजू नये. २२ एप्रिल २००६ रोजी वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या ते परवान्याचं आणि बत्तीस बोअरचंच होतं.

आता माल काय मिळतो ते. बरीच वर्षं या बाजाराचा मालक एकच होता, सरकार. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्वर हे या धंद्यातलं ॲम्बेसेडर गाडीसारखं. सहा गोळ्या, तीन इंचांच्या आसपास नळी, वजन सातशे ग्रॅमच्या घरात. घडण जुन्या वेब्लीची. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे मोडते, चक्र उघडं पडतं आणि रिकामी नळकांडी एकदम वर उचलली जातात. ठासणीच्या बंदुकीइतकं नाही, पण जुनंच तंत्र. चाप चांगलाच जड. जाणकार याला दोष मानतात, मला तो नवख्याच्या हातात गुण वाटतो.

कानपूरच्याच सरकारी आयुधनिर्माणीने २०१४ मध्ये ‘निर्भीक’ काढलं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२च्या निर्भया प्रकरणानंतर स्त्रियांसाठी म्हणून, नावही त्यावरूनच. टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन अर्धा किलो, सुरुवातीची किंमत एक लाख बावीस हजारांच्या वर. सबलीकरणाच्या नावाने काढलेली वस्तू कुठल्या थरातल्या बाईला परवडावी, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने ‘निडर’ हे बावीस बोअरचं आठ गोळ्यांचं रिव्हॉल्वर आणलं. रिकाम्याचं वजन जेमतेम अडीचशे ग्रॅम आणि बाजारात आलं तेव्हा किंमत पस्तीस हजारांच्या आसपास. ‘स्वस्त, हलकं, लपणारं’ या तिन्ही अटी कागदावर पुऱ्या करणारं हे एकच. पण अडीचशे ग्रॅमचं शस्त्र हातात स्थिर ठेवायला जो सराव लागतो तो सातशे ग्रॅमच्यापेक्षा जास्त, आणि हे जाहिरातीत कोणी लिहीत नाही. पिस्तूलच हवं असेल तर बत्तीसचं ‘अशनी’ आहे.

१ ऑक्टोबर २०२१ला आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. शस्त्रांची कंपनी कानपूरला, दारूगोळ्याची पुण्याला. कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्वर आणलं, त्यात नळी मोडावी लागत नाही, चक्र बाजूला सरकतं. जगात ही सोय शंभर वर्षांहून जुनी आहे, आपल्याकडे ती बातमी झाली. खासगी क्षेत्रालाही दार उघडलं आहे. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्ली अँड स्कॉटच्या नावाने बत्तीसचं रिव्हॉल्वर बनू लागलं.

रिव्हॉल्वर की पिस्तूल, यावर मात्र मी ठाम आहे. पिस्तूल चपटं असतं, कमरेला कमी फुगतं, गोळ्याही जास्त मावतात. पण गोळी पेटली नाही तर वरची सरक मागे ओढून ती बाहेर टाकावी लागते. मॅगझीन काढलं तरी एक गोळी नळीच्या बुडाशी राहू शकते, हे विसरणाऱ्यांच्या हातून अपघात झालेले आहेत. रिव्हॉल्वर उघडलं की भरलेलं की रिकामं ते उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि गोळी फुसकी निघाली तर चाप पुन्हा ओढायचा, पुढची समोर येते. दिवसभर तराजू धरणाऱ्या साठीच्या माणसाला रिव्हॉल्वरच बरं.

खर्चाचं बोलायचं तर नवं बत्तीसचं शस्त्र लाखाच्या घरात जातं, आणि वर कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर आणि पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. खासगी विमानं आणि शौकाच्या नौका ज्या टप्प्यात आहेत, तोच हा टप्पा. मूळ किंमत एक लाख धरली तर चाळीस हजार नुसता कर. काकांनी हे ऐकून सोन्यावरचे तीन टक्के आठवले आणि प्रथमच सरकारबद्दल दोन शब्द बरे बोलले.

मग जुनं घ्यावं का? परदेशी शस्त्रांची खासगी आयात १९८०च्या दशकातच बंद झाली. त्यामुळे आधी आलेली वेब्ली, कोल्ट, वाल्थर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत राहिली आणि फिरता फिरता त्यांचे भाव लाखांत गेले. जी वस्तू जगात जुन्या सामानाच्या दुकानात पडेल ती आपल्याकडे दागिना झाली आहे. अपवाद वारसाचा. परवानाधारकाचं वय सत्तर झालं, किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, तर त्याच्या हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावे करता येतं. निधनानंतर तर येतंच. अर्थात वारसाला स्वतःचा परवाना काढावा लागतो. कमी पैशात कायदेशीर शस्त्र मिळण्याचा हा एकच खरा मार्ग. पण आजोबांचं घड्याळ वापरायला काढावं तसं आजोबांचं रिव्हॉल्वर कमरेला लावू नये.

१ ऑक्टोबर २०२४च्या पहाटे जुहूला अभिनेता गोविंदाच्या पायात गोळी घुसली. शस्त्र त्याचंच, परवान्याचं, बत्तीसचं आणि जुनं. कोलकात्याला निघण्याच्या गडबडीत ते कपाटात ठेवताना हातातून सुटलं आणि उडालं. त्या दिवशी लोकांनी विनोद केले. खरं तर शस्त्र वागवणाऱ्या प्रत्येकाने ती बातमी कापून ठेवायला हवी. जुन्या घडणीच्या पुष्कळ रिव्हॉल्वरमध्ये घोडा थेट काडतुसाच्या बुडाशी टेकलेला असतो, शस्त्र घोड्यावर आपटलं की गोळी सुटते. म्हणून जुनी माणसं घोड्याखालचं घर रिकामं ठेवत, सहाच्या जागी पाचच गोळ्या भरत. नव्या घडणीत मध्ये आडकाठी येते, चाप पूर्ण ओढल्याखेरीज आघात पोचत नाही. जुनं घ्यायचंच असेल तर ही आडकाठी आहे की नाही ते आधी जाणत्या शस्त्रकारीगराकडून पाहून घ्यावं, नक्षी नंतर.

इथवर वस्तूबद्दल. पण वस्तू शेवटची. आधी परवाना, आणि तो सहज मिळत नाही.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, तरी होळीच्या माणसाने परवान्यासाठी पालघर गाठायचं नाही. १ ऑक्टोबर २०२०ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि परवान्याचे अधिकार आयुक्तांकडे गेले. डहाणू-जव्हारच्या माणसाला जिल्हाधिकारी, आपल्याला आयुक्त. अर्जासोबत ओळख आणि पत्त्याचे कागद, शरीराने आणि मनाने धड असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित कुठे ठेवणार याची हमी. मग पोलीस ठाण्याकडून चौकशी. हवालदार घरी येतो, शेजारी विचारतो, जबाब घेतो. वय एकवीसच्या वर हवं. २०१६च्या नियमांनी प्रशिक्षणही जोडलं आहे आणि प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय नोंदीतला एक क्रमांक असतो. २०१९च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली.

सगळी मेख ‘कारण’ या रकान्यात आहे. धंद्याच्या स्वरूपामुळे जिवाला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज आहे, हे पटवावं लागतं. सराफाला ते इतरांपेक्षा सोपं, पण सोपं म्हणजे आपोआप नव्हे. ‘भीती वाटते’ एवढ्यावर भागत नाही. नाकारलं तर कारण लेखी मागता येतं आणि अपील करता येतं, हे मात्र लोकांना माहीत नसतं. आमच्या ओळखीतला एक जण नुसत्या तोंडी ‘नाही’वर सहा वर्षं गप्प बसला होता.

हे इतकं कठीण का, याची मुळं जुनी आहेत. १८५७चा धसका घेतलेल्या इंग्रजांनी व्हाइसरॉय लिटनच्या काळात, १८७८ला शस्त्रांचा कायदा केला. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके पकडले गेले. देशाला निःशस्त्र केल्याची तक्रार काँग्रेस सुरुवातीपासून करत होती. १९३१च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत धरला होता. स्वातंत्र्य मिळालं आणि घटना समितीत ह. वि. कामतांनी डिसेंबर १९४८ मध्ये तोच हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. हा हक्क सरसकट दिला तर गुन्हेगारांच्या हातीही तो जाईल, असा त्यांचा रोख होता. टेक्ससचा भाचा आणि होळीचे मामा यांच्यातला सगळा फरक त्या एका दिवसाने ठरवला. तिकडे हक्क, इकडे परवानगी.

परवाना मिळाला, शस्त्र घेतलं. आता ‘कुणाला दिसणार नाही असं’ हा काकांचा मूळ मुद्दा. अमेरिकेतल्या काही राज्यांत लपवून बाळगणं हा वेगळ्या परवान्याचा, वेगळ्या वादाचा विषय. आपल्याकडे गंमत अशी की लपवणं हे कर्तव्यच आहे. २०१६चे नियम सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर अंगाला बांधलेल्या कव्हरमध्ये किंवा पिशवीत असावं, पूर्ण झाकलेलं असावं आणि त्यावर बाळगणाऱ्याचा ताबा असावा. शर्ट वर करून मूठ दाखवणारे, लग्नाच्या वरातीत बार काढणारे, इनोव्हाच्या डॅशबोर्डवर ठेवून फोटो टाकणारे, सगळे परवाना असूनही नियमाबाहेर. लग्नातल्या गोळीबाराला तर २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुळशीत शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या एका बाईंची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये बाहेर आली, त्यांना अटक झाली आणि पोलिसांनी परवानाही रद्द केला.

तरीही दाखवण्यासाठीच घेणारे पुष्कळ. बीडमध्ये डिसेंबर २०२४ला सरपंच संतोष देशमुखांचा खून झाला, तेव्हा त्या एका जिल्ह्यात बाराशेहून अधिक परवाने असल्याचं उघड झालं आणि प्रशासनाला ते रद्द करत सुटावं लागलं. त्या बाराशेंतल्या किती जणांच्या जिवाला खरा धोका होता? लोकांच्या लेखी कमरेचं शस्त्र म्हणजे गळ्यातल्या साखळीचाच पुढचा अंक.

झाकायचं कसं, तर मुख्य खर्च इथे करावा असं माझं मत आहे. लोक लाखाचं शस्त्र घेतात आणि तीनशे रुपयांच्या कापडी कव्हरात कोंबतात. चाप पूर्ण झाकणारं, पट्ट्यावर घट्ट बसणारं, उलटं केलं तरी शस्त्र न पडणारं कव्हर हवं, आणि त्याला पेलणारा जाड पट्टा. पँटच्या खिशात किल्ल्या-सुट्ट्या पैशांबरोबर शस्त्र ठेवणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. पिशवीत ठेवलं तर पिशवी खांद्यावरून उतरता कामा नये, आणि विरार लोकलमध्ये पिशवी रॅकवर न ठेवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

घरातली जागा त्याहून महत्त्वाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते पिस्तूल मारेकऱ्याचं नव्हतंच, त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. परवाना उत्तर प्रदेशचा. कुलूप-किल्ली नीट नसली की परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचं असं होतं. भिंतीत बसवलेली छोटी तिजोरी, गोळ्या वेगळ्या कप्प्यात, किल्ली एकाकडेच, याचा खर्च शस्त्राच्या किमतीतच धरावा. नातवंडांच्या घरात तर यात तडजोडच नाही.

एवढं करून शस्त्र वर्षाचे सगळे दिवस जवळ असतं का? नसतं. निवडणूक लागली की ‘शस्त्र जमा करा’ अशी नोटीस येते. २०२४ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये सरसकट सगळ्यांची शस्त्रं काढून घेण्याला चाप लावला आणि त्यानंतर छाननी समितीची पद्धत आली. धंद्यामुळे खरा धोका असलेल्याला तिच्याकडे अर्ज करता येतो. सिंधुदुर्गातले शेतकरी हे दुःख जास्त जाणतात. तिथे शेतीसंरक्षणाच्या बंदुका घरोघर, आणि त्या पोलीस ठाण्यात पडून असताना माकडं आणि डुकरं आचारसंहिता पाळत नाहीत. शिवाय पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खालचे मनाई आदेश असतात. परवान्यावर क्षेत्रही लिहिलेलं असतं. राज्यापुरता परवाना असेल तर वापीला उतरल्यावर तोच माणूस गुन्हेगार.

आणि समजा, तो क्षण आलाच. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं स्वसंरक्षणाची. १ जुलै २०२४ पासून ती जुन्या दंड संहितेच्या जागी आली, आशय बराचसा तोच. जिवाला धोका असेल, जबरी चोरी चालली असेल तर प्राणघातक प्रतिकारसुद्धा क्षम्य आहे, पण गरजेपुरता. हार हिसकावून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी स्वसंरक्षणात बसवणं वकिलाला जड जातं. गोळी नेमकी कुठे जाईल हा आणखी वेगळा प्रश्न. होळीचा रस्ता केवढा? समोर भाजीवाल्या मावशी, मागे केळीवाला, मध्ये शाळेची पोरं. सराव नसलेल्या हाताची गोळी चार पावलांवरही चुकते. आणि सराव करणार कुठे? वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सोनं आणलं, त्या प्रकारातली गोळी बावीसचीच, पण त्यामागे काही वर्षांचे रोजचे तास आहेत. आपल्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसं ते ठरलेलं असतं. तेवढ्यात हात बसत नाही, काडतुसं मात्र संपतात.

हे सगळं जड वाटलं की काही जण आडवाट धरतात. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीवर उमर्टी आहे. तिथल्या भट्ट्यांवर बनलेले गावठी कट्टे मुंबई-पुण्यात पकडले जातात. या लेखाच्या विषयातला सगळ्यात कमी किमतीचा माल हाच, म्हणून त्याचं नाव घ्यावं लागतं. नळी कसल्या लोखंडाची ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि फुटली तर ती पकडणाऱ्याच्या हातातच फुटते. परवान्याशिवाय साधं बत्तीस बाळगलं तरी २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे.

माझं मत विचाराल तर काकांसारख्याने शस्त्र घेऊ नये. शटरला दुसरं कुलूप, काउंटरखाली पोलीस ठाण्याला जोडलेली घंटा, मालाचा विमा आणि झवेरी बाजाराच्या फेऱ्यांची वेळ बदलती ठेवणं, यांचा एकत्र खर्चही एका बत्तीसच्या निम्म्यात भागेल. पण ज्याला खंडणीसाठी फोन आले आहेत, त्याला मी हे ऐकवणार नाही. १९८९ साली नालासोपारा स्थानकावर एका बांधकाम व्यावसायिकाला गोळ्या घालून मारलं, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांच्या भीतीला मी खोटं म्हणू शकत नाही.

चौकशीचा हा गोषवारा मी काकांना पेढीवर बसून सांगितला. त्यांनी सगळं ऐकलं, कराचा आकडा दोनदा विचारला आणि मग म्हणाले, “वजन किती म्हणालास?”

“सातशे ग्रॅम. गोळ्या वेगळ्या.”

काका उठले. जुन्या काट्याची पितळी वजनं आता वापरात नाहीत, पण टाकलेलीही नाहीत. त्यांतलं पाचशेचं आणि शंभराची दोन त्यांनी काढली, चांदीच्या पैंजणांसाठी असते तसल्या मखमली थैलीत घातली आणि थैली नाडीने पट्ट्याला बांधून शर्ट वरून सोडला. “काम नसलं तरी आठवडाभर हे घेऊन जातो मुंबईला. जमलं तर अर्ज टाकू.”

चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा थैली काउंटरवर होती. पहिल्या दिवशी नायगाव येईपर्यंत तीन वेळा हात आपोआप कमरेला गेला, म्हणाले. दुसऱ्या दिवशी भाईंदरला गर्दी अंगावर आली आणि शेजारच्याने कोपराने ढोसून, ‘काका, हे काय टोचतंय?’ म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी जागा मिळाली, पण बसल्यावर शर्ट वर सरकला आणि समोरच्या पोराचे डोळे दादरपर्यंत तिथून हलले नाहीत.

“आणि आज?”

“आज विसरलो बांधायला,” काका म्हणाले आणि शंभराचं वजन पुसून पुन्हा डब्यात ठेवलं.